घरून ऑफिसच्या टॅलीपर्यंत: व्हीपीएन लावण्याआधी दोन्ही टोकं बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही बडोद्यात करेलीबागेत राहता आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब बघता. तिथे चार कॉम्प्युटर आहेत, त्यांतल्या एकावर टॅलीचा डेटा आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे पुढचा महिनाभर तुम्हाला घरून काम करायचंय आणि शेठ म्हणाले, "व्हीपीएन करून घ्या." तुम्ही लॅपटॉपवर एक फुकटचं व्हीपीएन टाकलं. ते 'कनेक्टेड' म्हणतं, पण ऑफिसचं फोल्डर काही दिसत नाही. मग भाच्याने व्हिडिओ बघून ऑफिसच्या राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट उघडलं. त्यानेही काम झालं नाही.

सगळ्यात आधी ते ३३८९ बंद करा. आजच करा, बाकीचं नंतर वाचा. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' असं पान असतं, तिथली ती ओळ काढून टाका. ३३८९ हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं, दार आहे. ते थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं की जगभरातले चोर रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत राहतात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपच्या मालकांनी घाई केली म्हणून मी हेच पोर्ट उघडून दिलं होतं, 'दोन दिवसांत नीट करू' असं म्हणून. ते दोन दिवस लांबत गेले. एका सोमवारी सकाळी त्यांच्या सर्व्हरवरची प्रत्येक फाईल कुलूपबंद झालेली होती आणि स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी होती. बॅकअपची हार्डडिस्कसुद्धा त्याच मशीनला लावलेली होती, तीही गेली. दोन वर्षांचे व्हाउचर कागदी बिलांवरून पुन्हा टाकावे लागले. ते टाकणाऱ्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून हे मी कोणालाच उघडू देत नाही.

तुमच्याकडे ते दार उघडूनही चाललं नाही, याचं एक कारण बहुधा असं की दाराबाहेर रस्ताच नाही. पुढे स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतला की तो रस्ता तयार होईल आणि विसरलेलं दार तसंच उघडं असेल. म्हणून आत्ताच काढायचं.

आता फुकटच्या व्हीपीएनबद्दल. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून दोन टोकांमध्ये खणलेला कुलूपबंद बोगदा. नाव एकच असल्यामुळे हा गोंधळ फार जणांचा होतो. ॲप स्टोअरवर मिळणारं व्हीपीएन तुमच्या लॅपटॉपपासून त्या कंपनीच्या कुठल्यातरी परदेशी सर्व्हरपर्यंत बोगदा खणतं. तुम्हाला हवाय करेलीबागेपासून मकरपुऱ्यापर्यंतचा. पहिल्या बोगद्याचं दुसरं टोक तुमच्या ऑफिसात उघडतच नाही, मग तिथलं फोल्डर दिसणार कसं? ते सॉफ्टवेअर काढून टाका. ज्याच्यावर कंपनीचे हिशेब चालणार, त्या लॅपटॉपवर ओळखपाळख नसलेल्या कोणाचा बोगदा नको.

तर, दुसरं टोक ऑफिसात उघडायचंय. त्यासाठी कोणतंही सॉफ्टवेअर टाकण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. आजवर मला ज्या जोडण्या रात्री उशिरापर्यंत छळत राहिल्या, त्या बहुतेक यांतली एखादी गोष्ट आधी न बघितल्यामुळे.

पहिली गोष्ट, ऑफिसला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता आहे का. आपल्या बडोद्यातल्या पोळांचं, म्हणजे दरवाजा असलेल्या जुन्या गल्ल्यांचं, उदाहरण घ्या. पोळाच्या आत घर नंबर पाच, घर नंबर सहा असतात. बाहेरच्या माणसाला मात्र आधी पोळाचा दरवाजा माहीत लागतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचे १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर म्हणजे पोळाच्या आतले घर नंबर आणि राउटरचा बाहेरचा पत्ता म्हणजे पोळाचा दरवाजा. गंमत अशी की पुष्कळ इंटरनेट कंपन्या आता प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा दरवाजा देत नाहीत. शेकडो पोळं एका मोठ्या फाटकाच्या आत घालतात आणि बाहेर पत्ता एकच. याला सीजीनॅट म्हणतात. आतून बाहेर जायला काही अडचण येत नाही, म्हणून ब्राउझिंग, व्हिडिओ सगळं व्यवस्थित चालतं. पण बाहेरून येणाऱ्याला फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगता येत नाही की मला कोणत्या पोळात जायचंय. भाच्याने तुमच्या पोळाचा दरवाजा उघडला, पण बाहेरचं फाटक तुमच्या हातात नाही.

हे तपासणं सोपं आहे. ऑफिसात बसून राउटरचं पान उघडा आणि 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या भागातला आयपी लिहून घ्या. मग त्याच वायफायवरून गूगलला 'व्हॉट इज माय आयपी' विचारा. दोन्ही आकडे सारखे असतील तर दरवाजा तुमचा आहे. वेगळे असतील, किंवा राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही फाटकाच्या आत आहात. १००.६४ पासूनचा हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे आकडेही देतात, अर्थ तोच.

दुसरी गोष्ट, घर नंबर एकमेकांत अडकतात का. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या, घरच्या लॅपटॉपवरही द्या. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारे नंबर आले, तर तुम्ही ऑफिसच्या १९२.१६८.१.१० ला हाक मारली की लॅपटॉप तुमच्या स्वतःच्याच घरात तो नंबर शोधत बसेल. घडियाळी पोळातही घर नंबर पाच आहे आणि तुमच्या सोसायटीतही आहे. टपालवाला जवळच्याच पाच नंबरला पत्र टाकून मोकळा होतो. बोगदा नीट लागलेला, हिरवा दिवा चालू, आणि तरी काही उघडत नाही, या तक्रारीमागे मला हेच कारण पुन्हापुन्हा सापडलंय. घरच्या राउटरवर पट्टा बदलून १९२.१६८.७३ असा काहीतरी वेगळा ठेवता येतो. पण खाली सांगतो त्या पद्धतीत हा प्रश्न बव्हंशी सुटतोच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती कोणी विचारत नाही: बोगद्यातून नेमकं काय न्यायचंय? तुम्ही लिहिलंय, "ऑफिसचं टॅलीचं फोल्डर घरच्या लॅपटॉपवर दिसायला हवं." ताई, हे करू नका. ते जमेल, पण चालणार नाही.

का, ते सांगतो. ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे आतल्या जाळ्यावर, एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला काही विचारलं की उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. घरून इंटरनेटवरून तेच उत्तर यायला समजा ३० मिलिसेकंद लागतात. माणसाला हा फरक कळत नाही. पण टॅलीसारखा प्रोग्रॅम फोल्डरमधून डेटा उघडताना एकदम मोठं गाठोडं उचलत नाही, छोटे छोटे तुकडे मागतो. एखादा अहवाल उघडायला समजा ३,००० फेऱ्या झाल्या, तर लॅनवर ३ सेकंद आणि घरून दीड मिनिट. इंटरनेटचा स्पीड ५० एमबीपीएसवरून २०० केला तरी हे सुधारत नाही, कारण इथे पाइप अरुंद नाही, रस्ता लांब आहे. त्याहून वाईट म्हणजे व्हाउचर सेव्ह होत असताना कनेक्शन तुटलं, तर डेटा अर्धवट लिहिला जाऊन फाईल बिघडू शकते.

म्हणून फाईल घरी आणायची नाही, आपणच ऑफिसच्या खुर्चीत जाऊन बसायचं. बोगद्यातून फक्त रिमोट डेस्कटॉप न्यायचा. टॅली ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर चालतं, डेटा तिथेच राहतो. तुमच्याकडे येतं ते स्क्रीनचं चित्र आणि तिकडे जातात ती तुमची बटणं. मध्येच नेट गेलं तरी तिकडचं टॅली उघडंच असतं. पाच मिनिटांनी जोडलं की व्हाउचर जिथे सोडलं तिथेच सापडतं.

इथे दोन अटी आहेत. ऑफिसच्या त्या कॉम्प्युटरवर विंडोजची 'प्रो' आवृत्ती लागते, 'होम' आवृत्तीत बाहेरून आत घेण्याची सोय नाही. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'अबाउट' इथे दिसेल. दुसरं, त्यावर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. तुम्ही घरून आत शिरलात की तिथल्या माणसाची स्क्रीन कुलूपबंद होते. टॅलीच्या कॉम्प्युटरवर दिवसा कोणी बिलं काढत असेल, तर तुम्ही तुमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर रिमोटने जा आणि तिथून लॅनवर टॅली उघडा. टॅलीची स्वतःची रिमोट सोयही आहे, लायसन्सची टीएसएस वर्गणी चालू असेल तर. नुसते अहवाल बघायचे आणि थोडी एंट्री करायची असेल तर तीही तपासा. मात्र तुम्हाला एक्सेलच्या फाइली, बँकेची पत्रं, स्कॅन केलेली बिलं असं सगळंच लागणार, म्हणून मी रिमोट डेस्कटॉपच सुचवतो.

आता बोगदा. फाटकाच्या आत असाल आणि काम महिन्याभराचंच असेल, तर माझं स्पष्ट मत टेलस्केल नावाच्या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि तुमच्या लॅपटॉपवर टाकायचं आणि दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. दोन्ही मशीन आतून बाहेर जातात आणि बाहेर एकमेकांना भेटतात. त्यामुळे पोर्ट उघडावं लागत नाही आणि स्टॅटिक आयपीही लागत नाही. दोघांना १०० ने सुरू होणारा एकेक पत्ता मिळतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरचा तो पत्ता टाकला की झालं. थेट भेट होत नसेल तर ते मधल्या सर्व्हरवरून जातं, तेव्हा थोडं संथ वाटतं, पण मजकूर तिथेही कुलूपबंदच असतो.

यात दोन गोष्टी सांभाळा. खातं तुमच्या वैयक्तिक ईमेलवर उघडू नका. कंपनीच्या ईमेलवर उघडा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि पासवर्ड शेठजींकडेही राहू द्या. हा रस्ता त्यांच्या कारखान्यात जातो, किल्ली त्यांची हवी. दुसरं, टेलस्केलमध्ये प्रत्येक मशीनची ओळख साधारण १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सोय पुढेही चालू ठेवणार असाल तर ऑफिसच्या मशीनसाठी 'की एक्स्पायरी' बंद करून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी एके सकाळी रस्ता बंद झालेला सापडेल आणि लॉगिन करायला कोणालातरी मकरपुऱ्याला पाठवावं लागेल.

सोय कायमची हवी असेल आणि शेठ स्टॅटिक आयपीचे पैसे द्यायला तयार असतील, तर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन लावा. मला स्वतःला तेच आवडतं. छोटं आहे, वेगवान आहे, २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि मध्ये तिसऱ्या कोणाचं खातं लागत नाही. जुन्या राउटरमध्ये 'पीपीटीपी' नावाचा व्हीपीएनचा जुना पर्याय दिसेल, लावायला सगळ्यात सोपा. त्याला हात लावू नका. त्याची पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ मध्येच पार फोडून दाखवली गेली आहे.

वायरगार्ड थेट त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच टाका. तुम्हाला अख्खं ऑफिस नको, एकच मशीन हवंय. म्हणून बोगद्याला स्वतःचे वेगळे नंबर द्यायचे: ऑफिसला १०.७७.५.१ आणि तुमच्या लॅपटॉपला १०.७७.५.२. मग घर नंबरांचा घोळ उरतच नाही. प्रोग्रॅममध्ये 'अॅड एम्प्टी टनेल' केलं की तो किल्ल्यांची जोडी स्वतः बनवतो, प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची. प्रायव्हेट किल्ली ज्या मशीनवर बनली तिथेच राहते. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, कागदावर लिहायची नाही. पब्लिक किल्ली मात्र समोरच्याला द्यायचीच असते. ऑफिसच्या बाजूला 'लिसन पोर्ट' ५१८२०, आणि 'पीअर'मध्ये (समोरच्या मशीनच्या भागात) तुमची पब्लिक किल्ली व 'अलाउड आयपीज' म्हणून १०.७७.५.२/३२. तुमच्या बाजूला ऑफिसची पब्लिक किल्ली, 'एंडपॉइंट' म्हणून स्टॅटिक आयपी आणि त्यापुढे कोलन (:) देऊन ५१८२०, 'अलाउड आयपीज' फक्त १०.७७.५.१/३२, आणि 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५. हे शब्द फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करायचे.

तो 'अलाउड आयपीज' नीट लिहा. व्हिडिओंमध्ये तिथे चार शून्यं टाकायला सांगतात. त्याने तुमचं घरचं सगळं इंटरनेट, मुलांचा यूट्यूबसुद्धा, मकरपुऱ्याहून फिरून यायला लागतं आणि तुम्ही म्हणता व्हीपीएन फार संथ आहे. एकच पत्ता लिहिला की फक्त ऑफिसचं काम बोगद्यातून जातं.

मग राउटरवर यूडीपी ५१८२० हे पोर्ट त्या कॉम्प्युटरकडे वळवा. राउटर पोर्टचा प्रकार विचारतो, तिथे टीसीपी नव्हे, यूडीपी. विंडोजच्या फायरवॉलमध्येही त्याला आत यायची परवानगी द्या. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आतला नंबर पक्का करून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर नंबर बदलतो आणि पोर्ट भलत्याच मशीनकडे जातं. तुम्ही म्हणाल, एक पोर्ट बंद करायला लावलं आणि दुसरं उघडायला सांगताय. फरक असा की रिमोट डेस्कटॉप येणाऱ्या प्रत्येकाला 'पासवर्ड सांगा' म्हणतो. वायरगार्ड ओळखीची किल्ली नसेल तर उत्तरच देत नाही. बाहेरच्याला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही.

याच गुणामुळे नवशिके घाबरतात. पोर्ट तपासणाऱ्या साइट 'बंद' दाखवतात, कारण बहुतेक साइट टीसीपी तपासतात आणि वायरगार्ड तर अनोळखी माणसाशी बोलतच नाही. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे बघणारी आज्ञा) करून बघाल तर तेही फसतं, कारण विंडोज पिंगला बहुधा उत्तर देत नाही. बघायची खूण एकच, वायरगार्डच्या खिडकीत 'लेटेस्ट हँडशेक' ही ओळ येते का. ती आली तर बोगदा लागला, पुढची अडचण रिमोट डेस्कटॉपची. ती येत नसेल तर किल्ली, पत्ता किंवा पोर्ट यांत चूक. चाचणी ऑफिसच्या वायफायवर बसून करू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग तपासा.

डिजिटल सिग्नेचरचं डोंगल वापरत असाल तर हे खास तुमच्यासाठी. ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून ठेवलंत तर रिमोट डेस्कटॉपमधून ते दिसणार नाही. रिमोटमध्ये विंडोज डोंगल तुमच्या बाजूला शोधतं. ते घरी आणा, लॅपटॉपला लावा आणि रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्ट कार्डवर खूण करा. ड्रायव्हर दोन्हीकडे लागतो. आणि हे सगळं रिटर्नच्या तोंडावर करू नका. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख गेल्यावर २१ ला लावा, म्हणजे अडलंच तर ऑफिसात जाऊन दुरुस्त करायला वेळ राहील.

विजेचं आणि पाण्याचंही बघा. कॉम्प्युटर झोपी गेला तर कोणताही बोगदा त्याला उठवत नाही, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमचं बंद करा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो लावा. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर घ्या, नुसता कॉम्प्युटर नव्हे. आणि मशीन जमिनीवर ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा घरून काम करायची सगळी सोय असलेल्या माझ्या एका गिऱ्हाइकाला काहीच करता आलं नाही, कारण टेबलाखालचं मशीन पाण्यात होतं. आता ते माळ्यावर आहे आणि बॅकअपची एक डिस्क रोज संध्याकाळी मालकांच्या घरी जाते.

'व्हीपीएन बेकायदा आहे का' असंही तुम्ही विचारलंय. नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची नोंद पाच वर्षं ठेवावी असं आहे. कंपनीने आपल्याच माणसांसाठी लावलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, असा खुलासाही त्यांनी केला आहे. तरी शेठजींचा एका ओळीचा ईमेल घेऊन ठेवा, की अमुक तारखेपासून तुम्हाला घरून जोडायची परवानगी आहे. पुढे काही झालं तर तो तुमच्या बाजूने उभा राहील.

घरचा लॅपटॉप मुलंही वापरतात, असं तुम्ही लिहिलंय. कामासाठी विंडोजमध्ये वेगळा युझर करा, त्याला चांगला पासवर्ड द्या, आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ड्राइव्ह्ज'वरची खूण काढा, म्हणजे लॅपटॉपच्या डिस्कवरची घाण ऑफिसात जाणार नाही. काम झालं की बोगदाही बंद करा. लॅपटॉप चोरीला गेला तर शेठजींना तेव्हाच फोन करा. ऑफिसच्या वायरगार्डमधला तुमचा 'पीअर' पुसला, किंवा टेलस्केलच्या खात्यातून ते मशीन काढलं, की त्या लॅपटॉपला आत यायचा रस्ता बंद होतो. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ते कुठे आणि कसं पुसायचं हे ऑफिसातल्या निदान एका माणसाला आधीच दाखवून ठेवा.